नखाच्या बुरशीचं लॅकर: लावायचं कसं, किती महिने आणि कोणी लावूच नये

लॅकर म्हणजे नेल पॉलिशसारखं नखावर लावायचं, वाळून थर धरणारं औषध. त्याची बाटली हातात देताना मी गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट सांगते ती ही, की खराब झालेलं नख या औषधाने सुधारणार नाही. पिवळं पडलेलं, जाड झालेलं, खालून भुगा सुटलेलं नख तसंच राहणार, हळूहळू पुढे सरकणार आणि तुम्ही ते कापून टाकणार. मुळातून येणाऱ्या नव्या नखात बुरशी शिरू द्यायची नाही, एवढंच औषधाचं काम. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे महिने निभतात. नाही बसलं, तर तिसऱ्या आठवड्यात माणूस "ताई, काही फरक नाही" म्हणत अर्धी बाटली परत काउंटरवर आणून ठेवतो.

मी चिपळूणला मेडिकल चालवते. फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. तेव्हा खालचं सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या जोडीला वाचायचं, चिठ्ठीच्या ऐवजी नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाय कोरडा ठेवणं ही चैनच. लावणीला दिवसभर चिखलात उभ्या असणाऱ्या बायका, लोट्याच्या एमआयडीसीत सेफ्टी शूज घालून आठ-आठ तास काम करणारी मुलं, बाजारात मासळी साफ करणाऱ्या मावश्या, यांची नखं पाहूनच मी हे लिहायला बसले.

बुरशीच आहे कशावरून?

नख खराब दिसलं की लोक सरळ "बुरशीचं औषध द्या" म्हणतात. पण तपासून पाहिलेल्या खराब नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची निघतात. बाकीच्यांना वर्षभर लॅकर लावून काय मिळणार?

बुरशीचं नख सहसा टोकाकडून किंवा कडेने बिघडत जातं. आधी कोपऱ्यात पिवळट-पांढरा पट्टा दिसतो. मग तो मुळाच्या दिशेने सरकतो, नख खालच्या मांसापासून सुटतं आणि मधे कोरडा, भुरभुरीत भुगा साठतो. नख जाड होतं, कापायला गेलं की तुकडे उडतात, मोजे चढवताना अडकतं. अंगठा बहुतेक वेळा पहिला. आणि त्याच पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतात, किंवा तळव्याची कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघत असतात. हे सगळं एकत्र दिसलं तर संशय बळावतो, कारण ही बुरशी बहुतांशी ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची असते आणि ती कातडीतूनच नखात शिरते.

आता बाकीचे प्रकार. हातापायांच्या बऱ्याच नखांवर एकदम बारीक-बारीक खड्डे पडले असतील, तर सोरायसिस असू शकतो. नख हिरवं झालं असेल तर तिथे जंतू वाढलेत, बुरशीचं औषध त्याला चालत नाही. बूट घट्ट असेल किंवा अंगठ्यावर सिलिंडर पडला असेल, तर नुसत्या मारानेही नख जाड आणि वाकडं उगवतं. आमच्या स्टँडवरचे एक रिक्षावाले भाऊ कित्येक दिवस बुरशी समजून मलम चोळत होते. उजव्या अंगठ्याचं नख सारखं बुटाच्या टोकावर दाबलं जात होतं, एवढंच. मासळीवाल्या किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायकांच्या हाताच्या नखांभोवतीची कातडी सुजते, दाबली की दुखते आणि मग नख आडवं-आडवं खडबडीत होतं. तिथे मुख्य उपचार म्हणजे पाण्यातला हात बाहेर काढणं. ते न करता नखावर लॅकर लावून काही होत नाही. आणि नखात मुळापासून टोकापर्यंत काळा किंवा तपकिरी पट्टा नव्याने उमटला असेल, रुंद होत असेल, किंवा रंग कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर माझ्याकडे येऊच नका. थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. नखाखालीही कॅन्सर होतो.

खात्रीसाठी केओएच नावाची साधी तपासणी आहे. नखाचा तुकडा आणि खालचा भुगा घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का पाहतात. कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून पाहिली, तर रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतात. नमुना औषध सुरू करण्याआधी द्यायचा, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. एकदा कोरा आला म्हणून बुरशी नाहीच, असंही धरता येत नाही. शंका असली तर डॉक्टर पुन्हा नमुना घेतात. आणखी एक: नखांना मेंदी असेल तर डॉक्टरांना खालचा रंग दिसत नाही. दाखवायला जायच्या आधी महिना-दोन महिने मेंदी आणि नेल पॉलिश दोन्हीला सुट्टी.

कोणाला लॅकर पुरतं

एक-दोन नखं, फार तर तीन. बिघाड नखाच्या पुढच्या अर्ध्या भागातच, मुळाकडचा भाग अजून गुलाबी आणि स्वच्छ. अशा माणसाला लॅकरचा खरा उपयोग. ब्रिटनमध्ये अमोरॉल्फिनचं लॅकर केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, पण तेसुद्धा दोन नखांपर्यंतच. बुरशी मुळापर्यंत पोचली असेल, नख पूर्ण चुरलं असेल किंवा पाच-सहा नखं गेली असतील, तर नुसत्या लॅकरवर पैसे घालवू नका.

मधुमेह असेल तर स्वतःच्या मनाने काहीही सुरू करायचं नाही. जाड नख शेजारच्या बोटात रुततं, पायाला बधिरपणा असला तर कळत नाही, आणि त्या छोट्या जखमेतून पुढचं मोठं दुखणं उभं राहतं. शिवाय कानस मारतानाच जखम झाली तर? पायाचं रक्ताभिसरण कमी असलेले, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, हे सगळे आधी डॉक्टरकडे. टोकाऐवजी मुळाकडूनच नख पांढरं पडायला लागलं असेल तरीही. तो प्रकार प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत जास्त दिसतो.

ट्यूब की बाटली

क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन यांची ट्यूब कातडीवर छान काम करते, नखावर नाही. नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा घट्ट थर. मलम त्याच्या वरच राहतं आणि चादरीला पुसलं जातं. म्हणून नखासाठी वेगळी औषधं आहेत, जी वाळून नखावर थर धरतात आणि औषध आत झिरपत राहतं.

अमोरॉल्फिन ५ टक्के: आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. सायक्लोपिरॉक्स ८ टक्के: रोज, आणि दर सात दिवसांनी सगळे थर स्पिरिटने पुसून पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे चिठ्ठीवर मला ही दोनच जास्त दिसतात. अमेरिकेत २०१४ साली एफिनाकोनाझोल १० टक्के आणि टॅव्हाबोरोल ५ टक्के ही दोन द्रावणं मंजूर झाली. ती पातळ असतात, थर धरत नाहीत, रोज ४८ आठवडे लावायची असतात. डॉक्टरांनी त्यातलं काही लिहून दिलं, तर पद्धत त्या पाकिटातल्या कागदाप्रमाणे. खाली सांगितलेली कानस मारण्याची रीत त्यांना जशीच्या तशी लागू नाही.

यांतलं कुठलं घ्यावं असं मला विचाराल, तर रोज रात्री न चुकता बीपीची गोळी घेणाऱ्याला सायक्लोपिरॉक्स जमतं. बाकी सगळ्यांना अमोरॉल्फिन बरं, कारण रोजचं काम पहिल्या उत्साहानंतर राहूनच जातं.

आकडेही सांगते, कारण ते बाटलीवर नसतात. अमेरिकेतल्या चाचण्यांत ४८ आठवडे सायक्लोपिरॉक्स लावून नख पूर्ण स्वच्छ आणि तपासणीतही बुरशी नाही, असे रुग्ण एका चाचणीत ५.५ टक्के आणि दुसरीत ८.५ टक्के निघाले. एफिनाकोनाझोलचे १७.८ आणि १५.२ टक्के. नुसती बुरशी मेली का एवढंच पाहिलं तर एफिनाकोनाझोलमध्ये निम्म्याहून थोडे जास्त पास झाले. नख दिसायला मात्र तितकं सुधारलं नव्हतं. हे वाचून कोणी बाटली घेणार नाही, असं आमच्या दुकानातला मुलगा म्हणतो. न घेतलेली परवडली, पण खोटी आशा नको. शिवाय या चाचण्यांत नख बरं झालं म्हणायची अट कडक होती. थोडंसंच बिघडलेलं नख, लवकर सुरू केलेलं औषध आणि नीट कानस, हे तिन्ही जुळलं तर बाजू बरीच सुधारते.

आता लावायची रीत

नखाची जाड थर धरलेली बाजू न घासता लॅकर लावणं म्हणजे भिंतीचे पोपडे न खरवडता वरून रंग मारणं. बहुतेकांचं औषध इथेच वाया जातं.

आधी वार ठरवा. शनिवारी नखं कापत नाहीत, एकादशी-अमावास्येला नाही, दिवे लागल्यावर नाही, असं पाळणारी घरं आमच्या गावात भरपूर आहेत. मी वाद घालत नाही. रविवार सकाळ धरा. दोनदा लावायचं असेल तर बुधवार जोडीला. उजेडात नख नीट दिसतं, हा फायदा वेगळाच.

आंघोळ झाली की नख मऊ असतं, तेव्हा कापून घ्या. सुटलेला, खालून पोकळ झालेला भाग जेवढा न दुखता निघेल तेवढा काढा. ओढायचा नाही, कोपरे खोल खणायचे नाहीत. मग पाय पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या. पडवीत किंवा खिडकीशी जुना पेपर पसरा, पाय पाटावर ठेवा आणि कानस हातात घ्या. काही पाकिटांत कागदी कानशी आणि स्पिरिटचे स्वॅब येतात. नसतील तर मेडिकलमधून किंवा कटलरीच्या दुकानातून स्वस्तातल्या कागदी कानशी आणायच्या. लोखंडी कानस नको, ती धुऊनही नीट स्वच्छ होत नाही.

घासायचं ते नखाचं टोक नव्हे, वरचा पृष्ठभाग. कानस जवळजवळ आडवी धरून, मुळाकडून टोकाकडे, हलक्या हाताने. पहिल्यांदा चकाकी जाईल, मग पांढरी पूड पडायला लागेल. खराब भागावर जास्त वेळ, चांगल्या भागावर जेमतेम. भोवतालच्या कातडीला कानस लागू द्यायची नाही. नख गरम वाटलं किंवा हुळहुळलं की थांबायचं. पूड नाकात जाऊ नये म्हणून मास्क बांधा, पेपर गुंडाळून कचऱ्यात टाका, हात साबणाने धुवा. त्या पुडीत जिवंत बुरशी असते. म्हणूनच ही कानस चांगल्या नखांना लावायची नाही आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यायचीही नाही. मार्करने तिच्यावर मोठी फुली मारा.

मग स्पिरिटच्या स्वॅबने नख पुसा, टोकाखालीही. तेलकटपणा आणि पूड गेली पाहिजे. हवेने वाळू द्या, फुंकर नको.

आता बाटली. अमोरॉल्फिनच्या झाकणाला चपटी काडी असते, किंवा सुट्या काड्या येतात. ती बुडवून बाहेर काढताना बाटलीच्या तोंडाला निरपायची नाही. नेल पॉलिशची सवय असलेल्या मुली हमखास निरपतात, मग तोंडावर औषध सुकून झाकण चिकटतं आणि आतलं घट्ट होतं. एक पातळ थर पूर्ण नखावर: मुळापासून, दोन्ही कडांना आणि टोकाच्या खालच्या बाजूलाही. जाड थर दिला तर तो नुसता सोलून निघतो. दुसऱ्या नखाला जाण्याआधी काडी नव्या स्वॅबने पुसा; ज्या स्वॅबने नख पुसलं त्याने नाही. झाकण लगेच घट्ट लावा. पाच मिनिटं पाय पसरून बसा. लॅकर आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात, तेव्हा हा कार्यक्रम गॅसशेजारी किंवा समईसमोर नको, आणि विडी तर नकोच.

पुढच्या खेपेला जुना थर स्वॅबने पुसायचा, पुन्हा कानस, पुन्हा स्पिरिट, मग नवा थर. सायक्लोपिरॉक्स असेल तर रोज रात्री झोपताना जुन्या थरावरच नवा थर, कारण लावल्यावर आठ तास पाणी लागू द्यायचं नसतं. सातव्या दिवशी सगळं पुसून कापाकापी. उपचार संपेपर्यंत नेल पॉलिश आणि खोटी नखं बंद. थिनर, टर्पेंटाइनशी काम असणाऱ्या रंगारी लोकांनी हाताच्या नखांना लॅकर असेल तर हातमोजे घालावेत, नाहीतर थर विरघळतो.

थोडी आग झाली तर चालतं. कातडी लाल होऊन खाज सुटली, फोड आले किंवा नखाभोवती पू दिसला, तर बंद करून डॉक्टरांना दाखवा.

नख फारच जाड असेल तर डॉक्टर कधी ४० टक्के युरियाचं मलम देतात. भोवतालच्या कातडीला चिकटपट्टी लावून ते फक्त नखावर लावायचं आणि वरून झाकायचं, म्हणजे काही दिवसांत खराब भाग मऊ होऊन न दुखता खरवडता येतो. हे पहिल्यांदा डॉक्टरांकडून समजून घ्यावं.

चिखल्या, चपला आणि घरातला एकच नेल कटर

बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या तशाच ठेवून नखाचा उपचार करू नका. बुरशी तिथून परत येते. त्यासाठी मात्र ट्यूबच हवी, टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोलची, साधी, एकाच औषधाची. दोन्ही पायांना लावा, एकच बिघडला असला तरी. "ती पाच-सहा औषधं एकत्र असलेली द्या, पटकन आराम पडतो" असं म्हणत लोक येतात. त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी खाली पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी मागणी थांबलेली नाही. मी देत नाही, गिऱ्हाईक शेजारी जातं. जाऊ दे.

घरोघरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये एकच नेल कटर असतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तोच वापरतात. बुरशी असलेल्याचा कटर वेगळा करा. मोजे सुती, रोज धुतलेले, जमलं तर गरम पाण्यात. बुटांचे दोन जोड आलटून पालटून, म्हणजे एक पूर्ण वाळतो. पावसात प्लॅस्टिकची बंद चप्पल घालण्यापेक्षा उघडी सँडल बरी. शेतात गमबूट घालत असाल, तर संध्याकाळी ते उलटे करून ठेवा आणि आत बुरशीची पावडर मारा. बेचक्या पुसायला वेगळा पंचा ठेवा.

चालतंय की नाही, हे कसं ओळखायचं

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम एक ते दीड. म्हणजे हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं यायला बारा ते अठरा. अमोरॉल्फिन हाताला सहा महिने आणि पायाला नऊ ते बारा महिने लावायला सांगतात ते याच हिशोबाने. दिवाळीत हाताच्या नखांना लावलेली मेंदी संक्रांतीपर्यंत कुठे सरकली ते बायकांना नीट माहीत असतं. मी तेच दाखवून समजावते. पायाला वेळ त्याच्या दुप्पट-तिप्पट धरायचा.

रोज बघत बसलात तर काहीच कळणार नाही. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच जागी, त्याच उजेडात, नखाशेजारी पट्टी ठेवून फोनवर फोटो काढा. पाहायचं एकच: मुळाकडचा स्वच्छ पट्टा रुंदावतोय का, आणि चांगल्या-खराबमधली रेघ टोकाकडे सरकतेय का. रेघ सरकत असेल तर औषध लागू पडतंय, पुढचं नख कितीही घाणेरडं दिसू दे. तीन-चार महिन्यांत रेघ जागेवरच असेल किंवा मुळाकडे गेली असेल, तर नवी बाटली घेऊ नका. फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा.

तिथे बहुधा गोळीचा विषय निघेल. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, हाताच्या नखांना सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा. नुसत्या लॅकरपेक्षा गोळीचा गुण जास्त आणि दोन्ही मिळून दिलं तर आणखी बरा. लिव्हरची रक्ततपासणी आधी करून घेतात, ती टाळू नका. इट्राकोनाझोलही देतात, पण हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं वाकडं आहे. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका.

लिंबू, व्हिनेगर, हळद-तेल याबद्दल रोज कोणीतरी विचारतं. हळदीने नख आणखी पिवळं दिसतं आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात. लिंबाने आणि व्हिनेगरने कातडी सोलवटते. खोबरेल तेल टाचांना लावा, नखाला लॅकर असताना नको, थर धरत नाही.

नख पूर्ण स्वच्छ उगवलं की लॅकर थांबवा, पण बुटातली पावडर आणि वेगळा कटर चालू ठेवा. ही बुरशी परतण्यात पटाईत आहे, विशेषतः पहिल्याच पावसात. बाटलीच्या तळाशी राहिलेलं घट्ट औषध पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. तारीख उलटलेली, झाकण चिकटलेली बाटली स्पिरिट घालून पातळ करून वापरणारे मी पाहिलेत. ती टाकून द्या, आणि पुन्हा कोपऱ्यात पिवळा पट्टा दिसलाच तर तो नखाच्या पाव भागाच्या पुढे जायच्या आत दाखवा.